खारूचा डावा हात

९ फेब्रुवारी

ही म्हणते, "तुमची बडबड ऐकत बसायला मला वेळ नाही, वहीत लिहा." ठीक आहे, लिहितो. वही मध्येच उठून गॅस बंद करायला जात नाही.

आज खारूच्या छातीतली डबी काढली. कातडीखाली बसवलेली बटणाएवढी डबी, तिच्यातून औषध थेट मोठ्या शिरेत जायचं. ही दुसरी डबी. पहिलीसारखेच हिच्यातही जंतू शिरले आणि पोरगी तापाने फणफणली. तिसरी बसवणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

खारू म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. लहानपणी सारखी कपाटावर चढून बसायची म्हणून खारू, आता एकोणीस वर्षांची झाली तरी खारूच. रक्त गोठायला जे एक द्रव्य लागतं ते तिच्या रक्तात जन्मापासून नाही. ते बाहेरून द्यावं लागतं, दिवसाआड, शिरेतून. आम्ही त्याला नुसतं 'फॅक्टर' म्हणतो. चुकलं तर हिरडीतून रक्त सुरू होतं आणि थांबायचं नाव घेत नाही, नाहीतर गुडघा आतल्या आत भरून टम्म फुगतो. ती पाटी-पेन्सिल धरायला लागली तेव्हापासून मीच टोचत आलोय, आधी शिरेत, मग डबीत. मी कुलूप-किल्लीवाला. बारीक भोकात बारीक वस्तू घालण्यातच माझा जन्म गेला.

आता पुन्हा शिरांवर आलो, आणि शिरा टोचून टोचून सुतळीसारख्या कडक झाल्यात. आज पायाच्या शिरेत तीनदा चुकलो. खारूने नुसता दुसरा पाय पुढे केला. मीच जिन्यात जाऊन उभा राहिलो.

१३ फेब्रुवारी

रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. उंच, हडकुळे आणि इतकं हळू बोलतात की आम्ही तिघंही खुर्च्या पुढे ओढून बसलो. त्यांनी कागदावर दोन रेघा काढल्या, एक धमनी आणि एक शीर. हातात या दोन्ही एकमेकींना जोडायच्या. मग धमनीतलं जोराचं रक्त शिरेत शिरतं आणि दोन-तीन महिन्यांत शीर जाड, ठळक होते. याला फिस्टुला म्हणतात. मूत्रपिंड बिघडलेल्यांचं रक्त मशीनवर गाळायचं असतं, त्यांच्यासाठी तो रोज करतात.

"आणि रक्त न थांबणाऱ्यांसाठी?" मी विचारलं.

"क्वचित," ते म्हणाले. "पण केलाय. आधी आणि नंतर फॅक्टर भरपूर द्यायचं."

माझं डोकंच फिरलं. जिचा दात पडला तरी आमच्या तोंडचं पाणी पळायचं, तिची धमनी आपण होऊन कापायची! मी तसं बोलूनही दाखवलं, जरा चढ्या आवाजात. ही टेबलाखालून पाय मारत होती. डॉक्टर शांतपणे खारूकडे वळले आणि "कोणत्या हाताने लिहितेस?" एवढंच विचारत होते, तोवर पोरगी म्हणाली, "उजव्या. फिस्टुला डावीकडे करा."

म्हणजे तिचं ठरलंसुद्धा. डावा का, तेही मला लगेच कळलं. टोचताना मी टेबलाशी तिच्या डाव्या बाजूला बसतो. बापाची सोय पाहिली हो पोरीने! घरी येईपर्यंत माझा राग निम्मा उतरला होता.

२३ फेब्रुवारी

झालं ऑपरेशन! रक्त वाहिलं नाही!

हे आधी लिहून टाकलं, आता सावकाश लिहितो. सकाळी फॅक्टरचा मोठा डोस दिला. मग तिला आत नेलं आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर. मी येरझाऱ्या घालत होतो. ही मात्र मांडीवर वर्तमानपत्र घेऊन शब्दकोडं सोडवत बसली. मनात म्हटलं, काय बाई आहे, काळीज आहे की दगड? नंतर ती पाणी प्यायला गेली तेव्हा पाहिलं, तर सगळ्या चौकोनांत एकच अक्षर भरलेलं, 'खा', 'खा', 'खा'. मी कागद होता तसा ठेवून दिला.

डॉक्टर बाहेर आले, आम्हाला आत घेऊन गेले आणि त्यांनी माझं बोट धरून खारूच्या मनगटाच्या वर ठेवलं. कातडीखाली घर्र घर्र होत होतं, आत काहीतरी चालू असल्यासारखं. "ही घरघर म्हणजे जोड चालू आहे. रोज पाहायची. थांबली तर ताबडतोब या."

खारू अर्धवट गुंगीत होती. तिने उजव्या हाताने चाचपलं आणि म्हणाली, "बाबा, हा तर आपला फ्रीज."

इतका हसलो की सिस्टरने आम्हाला बाहेर काढलं.

४ मार्च

घरात नियम लागू केले आहेत. डाव्या हातात घड्याळ नाही, पिशवी नाही, रक्तदाबाचा पट्टा नाही, त्या कुशीवर झोपणं नाही. बाहीला रबर असलेले तिचे सगळे सदरे मी उसवले. ही म्हणाली, "तेवढे तरी मला विचारून उसवायचे, त्यात एक माझा होता."

शीर तयार होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. तोवर पायाच्या शिरांवरच भागवायचं. मीही आता चुकत नाही, फार फार तर एकदा.

खारू पुन्हा नाटकवाल्यांकडे जायला लागली. ती तिथे दिवे सांभाळते. म्हणजे शिडीवर चढून दिवे बांधतात ती दुसरी मुलं, ही खाली बसून बटणं फिरवते. पाठ होईपर्यंत एकेक नाटक पाहते, आणि घरी जेवताना आम्हाला सांगते की दुसऱ्या अंकात सकाळ कशी हळूहळू करायची असते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण तिचा चेहरा पाहून मी मान डोलावतो.

१९ मार्च

आज माझी जी शोभा झाली ती लिहू की नको? लिहितोच, इथे कोण वाचतंय.

घरघर बोटाने पाहण्यापेक्षा कानाने ऐकावी म्हणून मी डॉक्टरांसारखी नळी विकत आणली होती. रोज सकाळी ऐकतो. आज कानाला लावली तर आत चिडीचूप! पुन्हा लावली, जागा बदलली, काही नाही. तसाच ओरडत सुटलो, खारूला झोपेच्या कपड्यांत रिक्षात घातलं, माझ्या एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्यात हिची. वाटेत पोरगी म्हणत होती, "बाबा, अहो हात लावून तरी बघा." मी म्हटलं, "तू गप्प बस, हात हलवू नकोस."

सिस्टरने नळी हातात घेतली, तिचं तोंड अर्धं फिरवलं आणि माझ्या कानाला लावली. घर्र घर्र घर्र. "काका, याला दोन बाजू असतात," त्या म्हणाल्या. "काल पुसताना फिरली असेल."

जीव भांड्यात पडला, पण लाजही तेवढीच वाटली. खारू परतताना माझ्या पायाकडे बघून फिदीफिदी हसत होती. मलाही शेवटी हसू आवरेना. रिक्षावाला आरशातून बघत होता, त्याला वाटलं असेल दोघंही दवाखान्यातून पळून आलेत.

२ एप्रिल

कोपऱ्यावरचा फळवाला बिघडला. गेले काही दिवस संत्री आणली की दुसऱ्या दिवशी टोपलीत रस गळालेला. नीट पाहिलं तर सालीला बारीक बारीक भोकं. किडकी असणार. आज जाऊन त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो शपथेवर सांगत होता की माल ताजा आहे. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, भोकांतलं मला कळतं.

घरी येऊन सांगितलं तर ही आणि खारू एकदम स्वयंपाकघरात गेल्या. फळवाल्याचा विषय निघाला की यांना फार हसू येतं, का ते कळत नाही.

१४ एप्रिल

खारूला हल्ली सारखे फोन येतात आणि फोन आला की ती गच्चीवर जाते. कोणीतरी मुलगा आहे. मी हिला म्हटलं, "नाटकवाला दिसतोय. पोरीच्या हाताबद्दल त्याला सगळं माहीत आहे का? दिवसाआड फॅक्टर कोण देणार तिला?"

ही म्हणाली, "तेच तर ती बघतेय."

म्हणजे मुलगा निवडताना पोरगी तो टोचू शकेल का हे बघतेय. शहाणी आहे. पण माझ्यासारखा हात कुठून आणणार तो?

२ मे

तयार झाली शीर! करंगळीएवढी जाड, कातडीवर वर आलेली. सोनोग्राफीवाल्या बाईही म्हणाल्या, झकास.

आता टोचायची रीत सिस्टरने समजावली. रोज नवी जागा टोचली की शीर ठिकठिकाणी फुगते, कातडी पातळ होते. त्यापेक्षा एकच जागा धरायची. त्याच भोकातून, त्याच कलाने, तेवढ्याच खोल सुई घालत राहिलं की कानाच्या पाळीला भोक पडतं तशी आत एक वाट तयार होते. मग अगदी बोथट सुईसुद्धा सरकन आत जाते, दुखतही नाही. मात्र वाट पडेपर्यंत हात एकाच माणसाचा हवा, कारण प्रत्येकाच्या हाताचा कल वेगळा. दुसऱ्याने मध्येच घातली की वाट बिघडते.

"मग कोणाचा हात?" सिस्टरने विचारलं.

"माझा," मी म्हटलं. हे काय विचारणं झालं?

सिस्टरने खारूकडे पाहिलं. खारूने आईकडे पाहिलं. मग खारू म्हणाली, "हो, बाबांचाच."

आणि काय सांगू! पहिल्याच फटक्यात नळीत लालभडक रक्त उसळून आलं. इतक्या वर्षांत इतकं सोपं कधी गेलं नव्हतं. मला नाचावंसं वाटलं. खारूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुखलं का विचारलं तर नाही म्हणाली. आनंदाने आलं असणार.

८ मे

चौथ्यांदा तीच जागा, तोच कल. हात बसलाय. वाट पडतेय हे बोटांना कळतं.

फोन बंद झालेत. बहुधा त्या मुलाशी बिनसलं. संत्रीही गळत नाहीत आता. फळवाल्याने धडा घेतला.

खारू नाटकाला गेली नाही. विचारलं तर म्हणाली, कंटाळा आला. खारूला आणि नाटकाचा कंटाळा? मला काही ते बरं वाटलं नाही.

११ मे

मी गाढव आहे. हे वाक्य हिने वाचलं तरी चालेल.

दुपारी दुकानातल्या फोनवर नाटकमंडळीच्या मालकीणबाई. आवाज असा की शेवटच्या रांगेपर्यंत जावा. "तुम्ही खारूचे वडील ना? अहो, पोरगी तीन महिन्यांच्या दौऱ्यावर यायला तयार होती. सुई मी स्वतः घ्यायला शिकतेय म्हणाली, सिस्टरशीही बोलून झालं होतं. आता एकाएकी नाही म्हणते, कारण सांगत नाही. तिच्यासारखी सकाळ मला कोणी करून देत नाही हो! काय झालं?"

मी म्हटलं, "विचारून सांगतो," आणि फोन ठेवला. समोर गिऱ्हाईक किल्ली घेऊन उभं होतं, त्याला उद्या या म्हटलं.

स्टुलावर बसून राहिलो आणि एकेक गोष्ट डोक्यात बसत गेली. गच्चीवरचे फोन. टोपलीतली संत्री. अरे देवा, संत्र्यांवर ती हात बसवत होती! डावा हात तिने मागितला तो माझ्या सोयीसाठी नव्हेच, उजव्या हाताने स्वतःला टोचता यावं म्हणून. आणि मी काय केलं? तिच्या हातात माझ्या कलाची वाट पाडायला बसलो. ती वाट पक्की झाली असती की तिला जन्मभर मीच लागलो असतो. जी किल्ली फक्त माझ्याच हाताने फिरेल ती करून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली असती तर लोकांनी मला जोड्याने मारलं असतं.

घरी येऊन हिच्यावरच ओरडलो. "तुला सगळं ठाऊक होतं! सांगितलं का नाहीस?"

"तिने शपथ घातली होती," ही म्हणाली. "त्या दिवशी सिस्टरसमोर बोलणारच होती. पण तुम्ही 'माझा' म्हणालात ते इतकं छाती फुगवून, की तिच्या तोंडून शब्द फुटेना. मला म्हणाली, आई, इतकी वर्षं बाबांनी केलं, त्यांना नको कसं म्हणू?"

रडलो थोडा. मग उठून कोपऱ्यावर गेलो आणि फळवाल्याची माफी मागितली. त्याला वाटलं मी प्यायलोय.

१२ मे

फॅक्टरचा दिवस. सिस्टरना मी कालच फोन करून विचारलं होतं. दुसरी वाट पाडता येईल का? येईल, म्हणाल्या, शीर लांब आहे, दोन बोटं वर नवी जागा घेऊ. जुनी तशीच सोडून द्यायची, हळूहळू बुजते. पण पहिल्यापासून सगळं तिनेच करायचं, काका, तुम्ही हात लावायचा नाही.

दवाखान्यात खारूने सवयीने हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "मला काय दाखवतेस? दौरा कोणाचा आहे, तुझा की माझा?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग आईकडे. "मी नाही सांगितलं," ही घाईघाईने म्हणाली. मी म्हटलं, "दुकानात फोन आला होता. तुमच्या त्या मालकीणबाई फोनवर बोलतात की सभेत?"

खारू उठली आणि माझ्या गळ्यातच पडली. मी ओरडलो, "हात! हात सांभाळ!"

मग बसली. सुई उचलली. पहिल्यांदा तिरपी गेली. माझी बोटं आपोआप पुढे निघाली, ती मी मांड्यांखाली दाबून बसलो. "अजून थोडी आडवी," एवढं तोंडातून निघालंच, तर सिस्टर म्हणाल्या, "काका, तोंडही बंद." दुसऱ्यांदा तिने श्वास रोखला, जीभ दातांत धरली आणि रक्त नळीत धावत आलं. चिकटपट्टीचं एक टोक दातांत धरून एका हाताने तिने सुई बसवली, फॅक्टर सावकाश सोडलं, सुई काढली, बोटाने दाबून धरलं. सगळं स्वतः.

तिचा कल माझ्यापेक्षा वेगळा आहे, जरा आतल्या बाजूला. मी तसा कधीच घातला नसता. पण तिच्या हाताला तोच सोपा आहे.

"झालं!" ती ओरडली तेव्हा बाजूच्या खोलीतली माणसं डोकावली. आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला. खरंच झाला.

३ जून

खारूची वाट पक्की झाली. आज पहिल्यांदा बोथट सुई, सरकन आत. गुणगुणत घालते कार्टी, माझ्याच्याने हे कधी झालं नसतं.

जुन्या जागी आता नुसता एक फिक्का ठिपका राहिलाय. मी अधूनमधून बघतो. ही म्हणते, "काय शोधताय?" मी म्हणतो, काही नाही.

१६ जून

गेली बस. पहाटेपासून तिची पेटी मी तीनदा भरली आणि तिने तीनदा रिकामी केली. फॅक्टरचा बर्फाचा डबा मात्र तिनेच भरला. वाटेतल्या मोठ्या दवाखान्यांचे पत्ते मालकीणबाईंच्या पर्समध्ये. खारूने शिडीला हात लावायचा नाही हे मी त्यांच्याकडून सगळ्या मंडळींसमोर वदवून घेतलं. त्यांनी ते इतकं खणखणीत म्हटलं की बसमधल्यांनी टाळ्या वाजवल्या.

निघताना काहीतरी शहाण्या माणसासारखं बोलावं असं ठरवलं होतं. बस हलली तेव्हा मी ओरडलो, "दात नीट घास!" खारूने खिडकीत कपाळाला हात लावला. ही अजून हसतेय.

१७ जून

आज फॅक्टरचा दिवस. सकाळी उठलो, कोपरापर्यंत साबणाने हात धुतले, टेबलाशी जाऊन बसलो आणि मग लक्षात आलं. हिने माझ्यासमोर चहा ठेवला.

दुकानात लक्ष लागेना. एक किल्ली उलटी कापली. फोन करायचा नाही असं ठरवलं होतं, आणि केला नाही. घेतलं असेल का? पहिल्या फटक्यात गेली असेल का? फोन का करत नाही? एवढं सांगायला काय होतं?

संध्याकाळी आला तिचा फोन. मी अर्ध्या घंटीत उचलला.

"बाबा, अहो ऐका तर! काल पहिला प्रयोग, आणि दुसऱ्या अंकात वीजच गेली! सगळा काळोख. मी काय केलं, आमच्या बसचा मोठा टॉर्च होता ना, त्याच्यावर मालकीणबाईंचा पिवळा रुमाल धरला आणि हळूहळू वर नेला. बाबा, सकाळ झाली! टॉर्चने! लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं नाटकातच आहे तसं. आणि आज सकाळी मी फॅक्टर घेत होते ना, तर आमच्यातले एक म्हातारे नट मुद्दाम माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, पोरी, चाळीस वर्षं काम करतोय, माझ्या तोंडावर इतका सुंदर उजेड कधी कोणी टाकला नव्हता. चाळीस वर्षं, बाबा! बरं, ठेवते, दिवे लावायचेत, आईला सांगा!"

फोन बंद. मी तसाच उभा.

"काय म्हणाली? घेतलं का फॅक्टर?" हिने विचारलं.

घेतलं होतं. एवढ्या मोठ्या गोष्टीत ते अर्ध्या वाक्यात आलं आणि गेलं. ती जन्मल्यापासून या घरात कोणीही कोणालाही पहिला प्रश्न तोच विचारत आलंय, आणि माझ्या पोरीला आज सांगायला दुसरंच काहीतरी होतं.

मी हिला खुर्चीवर बसवलं आणि टॉर्चची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागलो.